क्रॅक फुकट नसतो

खरं तर या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहायचा बेत होता. पण दिवाळीला गावी जाऊन आलो तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. तेव्हा मंडळी, आज जरा कडू गोळी. आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीतला खलनायक मीच आहे. त्यामुळे कोणी उगाच अंगाला लावून घेऊ नये. (घेतलंत तर मात्र माझी हरकत नाही!)

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, आमगावकडचा. पुण्यात हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नागपूरच्या जवळच ना?" हो बाबा, जवळच. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस अख्खा महाराष्ट्र पालथा घालून जिथे एकदाची थांबते, ते गोंदिया. त्याच्याही पुढे आम्ही. धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा.

आमच्याकडे घरातला एक पोरगा इंजिनिअरिंगला गेला की तो सगळ्या नातेवाइकांचा सरकारमान्य कॉम्प्युटरवाला होतो. ब्रँच कोणती हे कोणी विचारत नाही. "विंडोज टाकून दे", "ऑफिस टाकून दे", "फोटोचं ते सॉफ्टवेअर टाकून दे". यातल्या एकालाही पैसे पडतात हे कोणाला माहीत नसतं, आणि सांगायची आपल्याला लाज वाटते. उलट चार क्लिकमध्ये 'करून दिलं' की आपलीच कॉलर ताठ. मीही त्यातलाच. पेन ड्राइव्ह खिशात घेऊन लग्नाला जाणारा!

माझी एक आतेबहीण आहे. सोयीसाठी नुसतं ताई म्हणतो. ती सिरॅमिक्स शिकली आणि नोकरीच्या मागे न लागता गोंदियाच्या बाहेर घराच्या मागच्या शेडमध्ये तिने गॅसची छोटी भट्टी टाकली. कप, वाट्या, बाऊल, चहाच्या किटल्या. आमच्या आत्याला बरेच दिवस वाटत होतं की मुलगी कुंभारकाम करते हे पाहुण्यांना कसं सांगावं. पुढे नागपूरच्या ऑर्डरी यायला लागल्या तेव्हा आत्या स्वतःच सांगायला लागली. असो.

आता ज्यांना ग्लेझ म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कपावर जी काचेसारखी झिलई असते ते ग्लेझ. ते खरंच काच असतं, भांड्यावरच वितळवलेली. काच बनवते सिलिका, म्हणजे गारगोटी. पण नुसती सिलिका १,७०० अंशांच्या वर वितळते, तेवढी कुठली भट्टी? म्हणून तिला लवकर वितळवणारी ऑक्साइडं लागतात: कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम वगैरे. आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळून जाऊ नये म्हणून थोडी अ‍ॅल्युमिना. सगळा खेळ या तिघांच्या प्रमाणाचा.

हे प्रमाण मोजायची रीत हरमान सेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये बसवली. वितळवणाऱ्या ऑक्साइडांची बेरीज १ धरायची आणि बाकीचं त्या हिशेबात मांडायचं. उदाहरण घेऊ. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराच्या नावाने जगभर चालणारी ४-३-२-१ रेसिपी: पोटॅश फेल्डस्पार ४० भाग, क्वार्ट्झ ३०, चुनखडीची पूड २०, चिनी माती १०. प्रत्येकाचं वजन त्याच्या रेणुभाराने भागा, कोणतं ऑक्साइड किती आलं ते मांडा, बेरीज १ वर आणा. पोटॅशियम ऑक्साइड ०.२६, कॅल्शियम ऑक्साइड ०.७४, अ‍ॅल्युमिना ०.४१, सिलिका ३.७१. झालं, हे त्या ग्लेझचं जातकुळीचं पत्रक. नववीचं रसायनशास्त्र आणि आठवीचं गणित, बाकी काही नाही.

मग सॉफ्टवेअर कशाला? तर ताईला क्वार्ट्झच्या जागी धानाच्या तुसाची राख वापरायची होती. गोंदियात राइस मिलची काय कमी! उसना तांदूळ करणाऱ्या मिलचे बॉयलर तुसावरच चालतात आणि मागे राखेचे डोंगर पडलेले असतात. ही राख म्हणजे जवळजवळ सिलिकाच. चांगली पांढरी जळालेली असेल तर ९० टक्क्यांच्या आसपास. जपानी कुंभार तुसाच्या राखेपासून दुधासारखं पांढरं ग्लेझ कितीतरी पिढ्या करत आलेत. कल्पना झकास, पण राख काही पुडीत लेबल लावून मिळत नाही. वरच्या रेसिपीत ३० भाग क्वार्ट्झ काढून ३० भाग राख टाकली आणि राखेत सिलिका ९० टक्के असेल, तर ३.७१ चे ३.५३ होतात. तीच राख अर्धवट जळालेली, काळी असेल आणि सिलिका ७० टक्केच भरली, तर ३.१६. म्हणजे ग्लेझ पातळ होऊन ओघळणार आणि भांडं भट्टीच्या फळीला चिकटणार. भांडंही गेलं, फळीही गेली.

त्यामुळे दर पोत्याला राख पुन्हा भाजायची, वजनात किती घट आली ते बघायचं, आकडे बदलायचे, सगळी रेसिपी नव्याने सोडवायची. शिवाय तळ्यातली माती. आमच्याकडच्या कुंभारांची लाल माती. तिचं भांडं करून १,२८० अंशांना भाजलं तर ते बसतं, वितळतं. पण तीच माती ग्लेझमध्ये घातली तर सुरेख तपकिरी रंग देते. तिचेही आकडे वेगळे. हे सगळं वहीत करत बसलं तर माणूस कप कधी करणार? म्हणून ताईला असा हिशेब करणारं एक छोटं सॉफ्टवेअर हवं होतं. कोणीतरी सांगितलेलं तिने स्वतःच शोधून काढलं आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मला फोन केला.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला. सॉफ्टवेअर म्हणजे एका परदेशी माणसाने एकट्याने लिहिलेलं शेअरवेअर. (नाव सांगत नाही, आणि का ते पुढे कळेल.) ३० दिवस फुकट, पूर्ण चालणारं. मग ५० डॉलर भरायचे. ते मशीनवरून एक नंबर काढून दाखवतं, तो नंबर आणि आपलं नाव त्याला कळवायचं, तो एक किल्ली पाठवतो, ती टाकली की सॉफ्टवेअर आपलं.

आणि इथे लक्ष द्या. ताई पैसे भरायला तयार होती! ३० दिवस वापरून तिला ते आवडलं होतं. तिचं डेबिट कार्ड परदेशी साइटवर चालेना, एवढीच अडचण. "बँकेत जाऊन विचारू का रे?" असं तिने विचारलं. आणि मी, भावी संगणक अभियंता, काय म्हणालो? "काऊन पैसे घालवून राहिली ताई? मी आहे ना!"

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हे. दहा मिनिटांत क्रॅक शोधला, मूळ फाइलच्या जागी दुसरी फाइल टाकली, झालं. ताईने चहा केला, वर चिवडा. तेवढ्यात तिला स्क्रीनवर वरच्या पट्टीत नोंदणीधारकाचं नाव दिसलं. कुठल्यातरी क्रॅक करणाऱ्या टोळीचं विचित्र नाव. "हे कोण रे?" मी म्हणालो, "कोणी नाही गं, तू तिकडे लक्ष नको देऊ."

ते नाव पाच वर्षं तिच्या स्क्रीनवर होतं.

या पाच वर्षांत तिने त्यात १४० च्या वर चाचण्या नोंदवल्या. तिची पद्धत अगदी शिस्तीची. प्रत्येक ग्लेझची एक छोटी टाइल, टाइलच्या पाठीवर लोह ऑक्साइडने नंबर, आणि त्या नंबरची रेसिपी, राखेचं पोतं कोणत्या मिलचं, भट्टी किती तास, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. एवढंच नाही, तर दर महिन्याला ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची. आमच्या ऑफिसातले अर्धे लोक एवढा बॅकअप घेत नाहीत!

२०२४ च्या पावसाळ्यात लाइट गेली, आली, गेली, आणि लॅपटॉप कायमचा गेला. ताईने शांतपणे नवा घेतला. बॅकअप होताच ना.

मग मला फोन. "काऊन उघडून नाही राहिलं रे हे?"

उघडणार कसं? त्या सॉफ्टवेअरची फाइल मशीनच्या नंबरावर कुलूपबंद होत होती. नवं मशीन, नवा नंबर. जुना क्रॅक नव्या मशीनवर चालेना. ज्या साइटवरून आणला होता ती साइट गायब. दुसऱ्या एका साइटवरचा उतरवला तर अँटिव्हायरसने बोंब मारली. शेवटी लेखकाची मूळ साइट उघडली. तिथे एक साधं वाक्य होतं. नोंदणी केलेल्यांनी मशीन बदललं असेल तर नोंदणीचं नाव कळवावं, नवी किल्ली विनामूल्य मिळेल.

नोंदणीचं नाव! काय कळवणार, त्या टोळीचं?

आपल्याकडे म्हण आहे, चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला. मला ती म्हण त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळली. ५० डॉलर भरले असते तर ताई त्या माणसाला हक्काने लिहू शकली असती की बाबा रे, माझं मशीन गेलं, माझ्या रेसिपी काढून दे. भांडूही शकली असती, की माझ्या रेसिपींना तू कुलूप लावणारा कोण? पण आम्ही त्याचे गिऱ्हाईकच नव्हतो. आम्ही तिथे मुळी नव्हतोच.

तर हा माझा मुद्दा आहे आणि मी तो ठासून मांडणार आहे. क्रॅक फुकट नसतो. त्याची किंमत म्हणजे तक्रार करायचा हक्क. तो आपण आधीच देऊन टाकलेला असतो, आणि किती मोठी किंमत दिली ते लॅपटॉप बंद पडल्याशिवाय कळत नाही.

आता नेहमीचे युक्तिवाद येणार. मी स्वतः ते पाठ केलेले आहेत, त्यामुळे एकेक घेतो.

पहिला: "या कंपन्या एवढ्या लुटतात, त्यांचं काय बिघडतं?" कंपन्यांचं जे असेल ते असो, इथे कंपनी कुठे आहे? शेअरवेअर ही गोष्टच मुळी वेगळी. १९८२ मध्ये जिम नॉफ नावाच्या आयबीएममधल्या माणसाने आपला पीसी-फाइल हा प्रोग्रॅम लोकांना वाटला आणि सांगितलं, उपयोगी वाटला तर १० डॉलर पाठवा. त्याच सुमारास अँड्र्यू फ्लुगेलमनने पीसी-टॉक तसाच दिला. १९८३ मध्ये बॉब वॉलेसने पीसी-राइट काढला. त्याने तर कॉपी करून वाटणाऱ्यालाच, त्याच्या कॉपीवरून पुढे कोणी नोंदणी केली तर, कमिशन देऊ केलं! कॉपी करा, वाटा, वापरून बघा, आवडलं तर पैसे द्या. जगात याहून गरीब दुकानदार कोण असेल? आणि आपण त्याच्याच दुकानाला भोक पाडतो. ३० दिवस पूर्ण चालणारी वस्तू फुकट वापरायला दिली त्यावर क्रॅक शोधायचा, हे म्हणजे अन्नछत्रात जेवायचं आणि वर मिरपूड मागायची.

दुसरा: "डॉलरचे रुपये करा, आम्हाला परवडत नाही." हा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. ५० डॉलर म्हणजे आजच्या भावाने चार हजार रुपयांच्या वर. गोंदियात ही रक्कम छोटी नाही. पण ताईच्या भट्टीतल्या फळ्या, सिलिंडर, गुजरात-राजस्थानातून येणारी माती आणि फेल्डस्पार, यातलं काही आम्ही चोरून आणलं का? कुंभाराचं चाक परवडत नाही म्हणून कोणाचं उचलून आणलं का? ज्या वस्तूला वजन असतं तिचे पैसे द्यायचे आणि जिला वजन नाही ती 'टाकून दे', हा हिशेब आपण इंजिनिअर लोकांनीच गावाला शिकवला. आणि मग तोच गाव आपल्याला विचारतो, "कॉम्प्युटरवर बसून तू नेमका काय काम करतो रे?" विचारणारच! सॉफ्टवेअर म्हणजे फुकटची वस्तू हे आपणच सांगितलंय. आपला पगार कशाचा येतो मग?

आणि परवडतच नसेल तर खरोखर फुकट असलेलं वापरावं ना. लिब्रे-ऑफिसच्या कॅल्कमध्ये सेगरचं गणित एका दुपारी मांडता येतं. दिवाळीत मी मांडून दिलं. डेरेक ऑ या कुंभारकाम करणाऱ्या प्रोग्रॅमरने बनवलेलं ग्लेझी हे संकेतस्थळ आहे, त्यावर जगभरच्या रेसिपी आणि हा हिशेब विनामूल्य मिळतो. त्यांनी स्वतःच्या मर्जीने दिलंय. कोणी वाढलेलं आणि कोणाच्या ताटातून उचललेलं, दोन्ही फुकटच, पण त्यात फरक आहे की नाही?

तिसरा: "कार्डच चालत नाही, मग करणार काय?" हे मात्र शंभर टक्के खरं दुखणं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण चालू करून घ्यावे लागतात. २०२१ पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले, तेव्हा अनेकांची परदेशी वर्गणी अडकली. नियम ग्राहकाच्या भल्याचेच आहेत, वाद नाही. पण यातून वाट काढून देणं हे घरातल्या इंजिनिअरचं काम होतं. ताईने बँकेत जाऊ का विचारलं तेव्हा "चल, मी येतो" म्हणायला हवं होतं. एक तास गेला असता. मी दहा मिनिटांचा रस्ता निवडला आणि तिची पाच वर्षं घालवली.

चौथा आणि सगळ्यात लाडका: "पकडतंय कोण?" बरोबर, कोणी पकडत नाही. पण कायदा काय म्हणतो ते वाचण्यासारखं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ पासून संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतींमध्ये धरले जातात. कलम ६३ब म्हणतं, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापरला नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. ताई तर धंद्यातच वापरत होती. म्हणजे मी माझ्या सख्ख्या आत्याच्या मुलीला काय भेट दिली बघा!

पण मला त्याहून जास्त टोचलं ते दुसरंच कलम. ५२ वं. त्यात प्रोग्रॅम वापरणाऱ्याचे हक्क दिलेत. हरवण्या-बिघडण्यापासून बचावासाठी प्रत काढून ठेवायचा हक्क. आपल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती शोधून काढायचा हक्क. म्हणजे ती कुलूपबंद फाइल उलगडून त्यातल्या रेसिपी माझ्या कॅल्कच्या तक्त्यात आणायची वाट कायद्याने ठेवलेली आहे. फक्त एक अट: हे सगळे हक्क कायदेशीर धारकाचे. पैसे भरून प्रत घेतलेल्याचे. मी वकील नाही, पण कलम वाचता येतं. आपल्याला वाटतं की लायसन्स म्हणजे विकणाऱ्याने आपल्या गळ्यात बांधलेली दोरी. इथे तर उलट आहे. लायसन्सवाल्याच्या हातात हत्यार आहे आणि क्रॅकवाला निहत्था.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. नाहीतर वाटेल की मी परदेशी साहेबाचा वकील झालो.

मशीनला कुलूप लावा. तुमचा प्रोग्रॅम, तुमची मर्जी. पण माझ्या नोंदींना कुलूप लावायचा अधिकार कुठल्याही लायसन्समध्ये नसावा. राख ताईची, भट्टी ताईची, ओघळून वाया गेलेली भांडी ताईची, आणि त्यातून निघालेला आकडा मात्र परदेशातल्या माणसाच्या किल्लीविना दिसणार नाही? हा अन्याय आहे, आणि पैसे भरणाऱ्यावर तर दुप्पट अन्याय आहे. आपण मराठी लोकांनी हे एकदा भोगलंय. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक मराठी फाँटचं कोष्टक वेगळं होतं. त्या काळात टाइप केलेल्या मजकुराची फाइल आज तो फाँट नसेल तर नुसती अगम्य अक्षरं दाखवते. मजकूर आपला, भाषा आपली, आणि वाचायला परवानगी फाँटची! ते दुखणं ज्याने पाहिलंय त्याने पुन्हा अशा कुलपात स्वतःचं काम ठेवू नये.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जे कोणी असलं छोटं कामाचं सॉफ्टवेअर बनवतात (आणि माझ्यासारखे बरेच जण फावल्या वेळात बनवतात) त्यांनी पैसे जरूर घ्यावेत. पण नोंदी साध्या मजकुरात बाहेर काढायचं एक बटण ठेवावं, जे मुदत संपल्यावरही चालेल. प्रोग्रॅम बंद पडू दे, बटण चालू राहू दे. उद्या तुम्ही थकाल, साइट बंद कराल, तेव्हा गिऱ्हाइकाचं काम तुमच्याबरोबर जाऊ नये.

ही मागणी मी आज करू शकतो, कारण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पैसे भरले. माझ्या कार्डावरून, ताईच्या नावाने. लेखकाला सगळं खरं खरं लिहिलं. क्रॅकचं सुद्धा. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, अगदी थोडक्यात. किल्ली पाठवली होती. सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर छान चालतं. पण जुनी फाइल त्यालाही उघडता येत नाही, कारण क्रॅक करणाऱ्याने मशीनच्या नंबराच्या जागी काय घुसवलं होतं ते त्याला ठाऊक नाही. त्याने रागावून काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता वरच्या पट्टीत ताईचं नाव दिसतं. तिने ते दोनदा वाचलं, काही बोलली नाही.

शेडच्या भिंतीवर मात्र टाइल्स तशाच टांगलेल्या आहेत. १४० च्या वर. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, आणि नंबराचा अर्थ कुलपात. त्यातली ८७ नंबरची टाइल ताईने काढून माझ्या हातात दिली. तुसाच्या राखेचं पांढरं ग्लेझ, कडेला जिथे जाड बसलं तिथे किंचित निळसर. तळहातावर घेतली तर सायीसारखी दिसते. नागपूरच्या एका हॉटेलने तसे ६० बाऊल मागितले होते. लॅपटॉप गेल्यावर ताईने चार भट्ट्या लावून तो रंग आठवणीने जुळवायचा प्रयत्न केला, जुळला नाही. आगाऊ घेतलेले पैसे तिने परत केले.

"बाबू, तुला रागावून काय होते आता," ती म्हणाली. "तू फक्त ८७ काढून दे."

पुण्याला आल्यापासून रोज रात्री ती फाइल उघडून बसतो. सिलिका, फेल्डस्पार ही नावं प्रत्येक रेसिपीत येणारच, त्यांच्या आधाराने कुलपाचा अंदाज बांधतोय. प्रत्येक रेसिपीला किल्ली वेगळी, त्यामुळे एकेक करून सोडवावी लागते. आतापर्यंत ३१ निघाल्या. निघाली की साध्या मजकुरात ताईला पाठवतो, ती वहीत शाईने उतरवून घेते.

८७ अजून निघालेली नाही. दिवाळीपासून घरच्या ग्रुपवर दोघांनी "ते सॉफ्टवेअर टाकून दे ना" म्हणून विचारलंय. दोघांनाही किंमत कळवली आहे.